अकरा वाक्यांचं घर

गेल्या महिन्यात जर्मनच्या वर्गात गृहपाठ मिळाला होता. आपल्या बैठकीच्या खोलीचं वर्णन लिहा, कोणती वस्तू कुठे आहे ते सांगा, निदान दहा वाक्यं. मी अकरा लिहिली. टेबल खिडकीपाशी आहे, टेबलाखाली सतरंजी आहे, पुस्तकांच्या कपाटाशेजारी आईची खुर्ची, खुर्चीमागे दिवा, किल्ल्या दाराशेजारी टांगलेल्या, आणि अकरावं वाक्य घड्याळाचं: ‘डी ऊअर हेंग्ट आन डेअर वांट’. घड्याळ भिंतीवर लावलेलं आहे. रात्री जेवणं उरकून, ओटा पुसून बसले आणि तासाभरात लिहून काढली. इतकी भराभर सुचली की माझं मलाच बरं वाटलं. दोन दिवसांनी बाईंनी वही तपासून दिली. कुठेही लाल रेघ नव्हती. खाली ‘झेअर गूट’, म्हणजे फार छान, आणि त्यांची वळणदार सही. घरी आले, दार उघडलं आणि किल्ली अडकवायला डावा हात आपोआप भिंतीकडे गेला. बोटांना गार, गुळगुळीत रंग लागला. तिथे खुंटी नाही. या घरात कधी नव्हतीच.

चपला पायातच होत्या. तशीच उभी राहून पिशवीतून वही काढली आणि वाचली. अकराच्या अकरा वाक्यं जुन्या घराची होती.

आमची सोसायटी कोथरूडमधली, १९८४ सालची. तीन मजले, लिफ्ट नाही, जिन्याच्या प्रत्येक वळणावर कुणाची तरी तुळस. आई ऐंशीला टेकली तेव्हा जिना हाच आमच्या घरातला मोठा विषय झाला होता, त्यामुळे पुनर्विकासाच्या कागदावर सही करताना माझा हात अडखळला नाही. चौदा महिन्यांपूर्वी घर रिकामं केलं आणि कर्वेनगरात भाड्याच्या घरात आलो. इथे लिफ्ट आहे, पाणी चोवीस तास आहे, सकाळी स्वयंपाकघरात ऊन येतं. वाईट काही नाही. अकरा महिन्यांच्या करारात मात्र एक अट आहे, भिंतीला खिळा मारायचा नाही. पहिला करार संपला, दुसरा झाला, अट तशीच. वर्गाला जाताना मी मुद्दाम वाट वाकडी करून जुन्या जागेवरून जाते. निळ्या पत्र्याच्या कुंपणामागे खोल खड्डा आहे, पावसाळ्यात त्यात हिरवं पाणी साठलं होतं. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. मी मान वर करून त्या उंचीवरच्या मोकळ्या हवेकडे बघते. आपली बैठकीची खोली साधारण तिथे असावी, असं म्हणत बोटानं जागा धरायचा प्रयत्न करते, आणि मागून हॉर्न वाजतो.

पुण्यात या वयात जर्मन शिकते म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, मुलगा तिकडे आहे का? माझं तिकडे कुणी नाही. आठवीत संस्कृत घ्यायचं की जर्मन, असा पर्याय आला तेव्हा मार्क मिळतात म्हणून संस्कृत घेतलं आणि शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणी ‘इश बिन, डू बिस्ट’ म्हणत पुढे गेल्या. पुढे कॉलेजात असताना फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या दगडी इमारतीसमोरून रोज जायचे. संध्याकाळी तिथून पुस्तकं छातीशी धरून बाहेर पडणारी मुलं दिसली की वाटायचं, एकदा आपणही. ते चाळीस वर्षं राहून गेलं. आता नोकरी संपली आहे, म्हणून आठवड्यातून तीन सकाळी एका छोट्या वर्गाला जाते. माझ्याबरोबर बहुतेक विशी-पंचविशीतली मुलं आहेत. त्यांत निम्म्या नर्सेस. त्यांना तिकडच्या रुग्णालयांत कामाला जायचंय, त्यासाठी ए-वन, ए-टू अशा भाषेच्या पातळ्या पार करत थेट बी-टूपर्यंत पोचायचंय. माझी भाषा हौसेची आणि त्यांची पोटाची, हे मला एका बाकावर बसताना सारखं जाणवतं.

आम्ही सगळे अडकलो होतो ते नऊ छोट्या शब्दांपाशी. आन, आउफ, हिंटर, इन, नेबन, यूबर, उंटर, फोर, त्स्विशन. बाईंनी ते पाढ्यासारखे पाठ करून घेतले. आपल्या ‘वर’, ‘खाली’, ‘मागे’, ‘शेजारी’, ‘मध्ये’सारखेच हे शब्द, फक्त आपले नामाला चिकटून नंतर येतात आणि त्यांचे नामाच्या आधी. अवघड आहे ते पुढेच. वस्तू टेबलावर असेल तर ‘आउफ डेम टिश’. तीच वस्तू टेबलावर ठेवत असाल तर ‘आउफ डेन टिश’. एका ‘म’चा ‘न’ होतो, बाकी सगळं तेच. जर्मन माणूस प्रत्येक वेळी मनात एक प्रश्न विचारून घेतो, ‘वो’ की ‘वोहिन’? कुठे आहे, की कुठे निघालं आहे? उत्तराप्रमाणे विभक्ती बदलते. आपल्याकडे ‘कुठे’ हा एकच शब्द दोन्ही कामं करतो. किल्ली कुठे आहे? किल्ली कुठे ठेवू? टेबलावर आहे, टेबलावर ठेव. मराठीत ‘भिंत’ची ‘भिंती’ होते ती प्रत्यय लागणार म्हणून, भिंतीला काही नवं येऊन चिकटणार आहे की आधीपासून चिकटलेलं आहे याची ती चौकशी करत नाही. माझी आजी तर ‘कुठे’ हा शब्द घराबाहेर पडणाऱ्यासाठी वापरूच द्यायची नाही. कुठे चाललीस म्हटलं की काम होत नाही, ‘कोणीकडे’ म्हणावं, आणि जाणाऱ्यानं ‘जाते’ न म्हणता ‘येते’ म्हणावं. निघालेल्या माणसाचा ‘वोहिन’ आम्ही असा हळूच पदराखाली झाकत आलो. आणि इथे प्रत्येक वाटी-चमच्याच्या बाबतीत तो उघडा करून सांगायचा.

सुरुवातीला मला वाटलं, हालचाल असेल तर ‘डेन’, नसेल तर ‘डेम’. सोपं आहे. मग बाईंनी बागेचं उदाहरण दिलं. मी बागेत जाते म्हणजे बाहेरून आत जाते, तिथे ‘इन डेन पार्क’. पण बागेत गेल्यावर मी कितीही फेऱ्या मारल्या, पळत सुटले, तरी ‘इन डेम’, म्हणजे जोडून ‘इम पार्क’. पाय चालत असतील, पण जागा बदललेली नाही. तुम्ही होतात तिथेच आहात, म्हणाल्या. त्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले.

आई रात्री चालते. दोन-अडीचला उठते आणि बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात, तिथून गॅलरीच्या दारापर्यंत, परत. भिंतीवर उजव्या हाताचा तळवा टेकवत टेकवत. जुन्या घरात बटण उजवीकडे होतं, इथे डावीकडे आहे. तिचा तळवा उजव्या भिंतीवर रोज त्याच उंचीवर जातो, क्षणभर शोधतो, मग ती अंधारातच पुढे जाते. मी रात्रीचा छोटा दिवा लावून ठेवते, पण बटण शोधायचं ती सोडत नाही. मी पडल्या पडल्या तिच्या पावलांचा आवाज ऐकते.

मराठीला ‘वो’ आणि ‘वोहिन’ सारखेच, पण संस्कृतला नाही. आठवीत घेतलेली ती भाषा इथे कामाला येईल असं वाटलं नव्हतं. ‘गृहे वसति’, घरात राहतो, सप्तमी. ‘गृहं गच्छति’, घरी जातो, द्वितीया. थेट हाच भेद. जर्मनमध्ये सप्तमी आता वेगळी उरलेली नाही, तिचं काम चतुर्थीसारख्या ‘डातीफ’नं सांभाळलं आहे, आणि ‘कुठे निघालं’ हे सांगायला द्वितीया, ‘अक्युझातीफ’. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा बाई खूश झाल्या, मुलांनी मात्र नम्रपणे पेनं खाली ठेवली. त्याहून मोठा आनंद मला एकटीला झाला तो ‘घरी’ या शब्दाचा. आपण ‘शाळेत’, ‘दुकानात’, ‘बागेत’ म्हणतो, पण ‘घरी’ म्हणतो. तो ‘ई’ जुन्या सप्तमीचा, आता ‘दारी’, ‘शेजारी’, ‘सकाळी’ अशा मोजक्या शब्दांत टिकलेला. जर्मनमध्ये घर म्हणजे ‘हाउस’, पण घरी असणं म्हणजे ‘त्सू हाउझे’ आणि घरी जाणं ‘नाख हाउझे’. शेवटचा तो ‘ए’ त्यांच्या जुन्या विभक्तीचा. इतर शब्दांवरून तो बहुतेक गळून गेला, घरावरून गेला नाही. दोन भाषांनी इतकं काही टाकून दिलं आणि ज्या शब्दाला रोज हात लागतो त्याच्या टोकाला मात्र जुनी खूण राहू दिली, हे कळलं त्या दिवशी मी वर्गातून चालत घरी आले.

बाईंनी सांगितलेला एक उपाय म्हणजे घरातल्या वस्तूंवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. मी केलं. फ्रिजवर ‘क्यूलश्रांक’, म्हणजे गार कपाट. नळावर ‘हान’, म्हणजे तोटी आणि कोंबडाही. ‘डेके’ या एका शब्दात आढंही येतं आणि अंगावरचं पांघरूणही, आपल्याला वरून झाकणारं ते सगळं ‘डेके’. चमचा ‘डेअर’, काटा ‘डी’, सुरी ‘डास’. एकाच ताटाशी बसणारी तीन माणसं आणि तिघांची तीन लिंगं. ज्यांच्या भाषेत दोनच लिंगं आहेत किंवा एकही नाही त्यांना हे जाचतं म्हणतात. आपल्याला निदान त्याचं नवल नाही, कारण तवा ‘तो’, कढई ‘ती’ आणि पातेलं ‘ते’ का, हे आपल्यालाही कुणी सांगितलं नव्हतं. त्रास होतो तो दोन सवयी एकमेकींवर आदळतात तेव्हा. आपली खिडकी ‘ती’, त्यांची ‘ते’. आपलं दार ‘ते’, त्यांचं ‘ती’. भिंत मात्र दोघांकडे ‘ती’. ‘वांट’ हा शब्द ‘विंडन’पासून, विणणं-वळणं या अर्थाच्या क्रियापदापासून आला, कारण त्यांच्या मूळच्या भिंती काटक्या विणून वर माती लिंपलेल्या असत. दगडी भिंतीचा ‘माउअर’, खिडकीचा ‘फेन्स्टर’, स्वयंपाकघराचा ‘क्युखे’ हे शब्द रोमन लोकांच्या लॅटिनमधून आले. वाचलं आणि कोकणातल्या आजोळचा कूड आठवला. काटक्यांचा, शेणामातीनं सारवलेला, पावसाळ्यात ओलसर वास येणारा. बोटानं कोरलं की आतली काडी हाताला लागायची आणि वरून ओरडा मिळायचा.

आईला त्या चिठ्ठ्यांचं फार कौतुक. चष्मा लावून एकेक वाचते आणि ‘मग फडताळाला काय म्हणतात गं?’ असं विचारते. घडवंचीला? उतरंडीला? मला उत्तर देता येत नाही. घडवंची म्हणजे पाण्याचे हंडे ठेवायची लाकडी उंच बैठक, एवढं तर मराठीतसुद्धा आता समजावून सांगावं लागतं. एका दुपारी मी म्हटलं, तू सांग, मी लिहून घेते. तिनं डोळे मिटले आणि शनिवार पेठेतल्या वाड्यातून चालायला लागली. दारातून आलं की डाव्या हाताला देवळी आहे, तिच्यात पणती. माजघरात जातं आहे. जात्यामागे उतरंड, सगळ्यांत वरच्या मडक्यात चिंच. फडताळात वरच्या खणात आजीची औषधं, खालच्यात काचेच्या बरण्या. मोरीशेजारी बंब. दारामागे खुंटी, खुंटीला वडिलांचा कोट. मी लिहीत होते, आणि पानभर झाल्यावर लक्षात आलं की ती ‘होतं’ म्हणतच नाहीये. सगळं ‘आहे’.

त्या वाड्यात १२ जुलै १९६१ ला फुटलेल्या पानशेत धरणाचं पाणी शिरलं. आई तेव्हा सतरा वर्षांची. ती सगळी ओंकारेश्वराकडून वर पळाली, उंचावरच्या पेठेत एका ओळखीच्यांकडे रात्र काढली. पाणी उतरल्यावर परत आली तेव्हा दार होतं, दारामागची खोली चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलेली. आई त्या दिवसाबद्दल भीतीनं बोलत नाही, गोंधळल्यासारखी बोलते. पाट आढ्याच्या वाशात अडकला होता. कुणा परक्याचं घंगाळ आमच्या माजघरात येऊन बसलं होतं. आमची उतरंड कुठेच नव्हती आणि तिच्यातली एक मातीची परळ तीन वाडे सोडून सापडली, धडधाकट. ‘कुणी ठेवलं नव्हतं गं काही, पाण्यानं ठेवलं होतं,’ म्हणाली. चौसष्ट वर्षं झाली. त्यानंतर ती चार घरांत राहिली. त्या दुपारी तिनं मला जे सांगितलं त्यात पाण्याच्या आदल्या दिवशीची जागा प्रत्येक वस्तूला होती. कोट खुंटीवर, चिंच वरच्या मडक्यात. मग मला माझ्या अकरा वाक्यांची लाज वाटेनाशी झाली.

तरी वही सलत राहिली. बाईंना सांगावं की नाही हे ठरत नव्हतं. वर्गात माझ्या शेजारी बार्शीची एक नर्स बसते, लेडीज हॉस्टेलवर एका खोलीत चौघीजणी राहतात. गृहपाठ दिला त्याच दिवशी तिनं विचारलं होतं, ‘काकू, कुठलं घर लिहू? हॉस्टेलवर माझी एक कॉट आणि कॉटखाली एक पेटी आहे. दोन वाक्यांत संपलं.’ मी म्हटलं होतं, गावाकडचं लिही. तिनं मात्र हॉस्टेलचंच लिहिलं. पेटी कॉटखाली आहे. पेटीत पुस्तकं आहेत. चप्पल पेटीसमोर आहे. ओढणी खिडकीला टांगली आहे. चप्पल आणि भिंत यांच्यामध्ये बादली आहे. त्या एका कॉटभोवती तिनं दहा वाक्यं उभी केली. तीन चुका होत्या आणि सगळं खरं होतं. तिची वही वाचताना मला माझी मिटून ठेवावीशी वाटली.

पुढचा गृहपाठ नेमका उलटा आला. आता वस्तू कुठे आहेत ते सांगायचं नाही, तुम्ही त्या कुठे ठेवल्या ते सांगायचं. इथे जर्मन भाषा अशी बारकाईत शिरते की थक्क व्हायला होतं. आपण ‘ठेवलं’ म्हणून मोकळे होतो. त्यांना उभं ठेवलं की आडवं ठेवलं हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पुस्तक कपाटात उभं असेल तर ‘श्टेलन’, टेबलावर आडवं टाकलं तर ‘लेगन’, बसवलं तर ‘झेत्सन’, खोचलं तर ‘श्टेकन’, टांगलं तर ‘हेंगन’. ताट टेबलावर उभं राहतं, कारण त्याला बूड आहे. ताट उभं, हे मला अजून डोळ्यांसमोर आणता येत नाही. ‘झित्सन’ म्हणजे बसणं आणि ‘झेत्सन’ म्हणजे बसवणं, हे मात्र लगेच पटलं, आपल्या ‘वणे’सारखंच. आपल्याकडेही शब्द आहेत की, मांडणं, रचणं, पालथं घालणं, खोचणं, अडकवणं. आई भांडी कधी ‘ठेवत’ नाही. ती पातेली पालथी घालते, ताटं ताटाळ्यात लावते, डबे फळीवर मांडते. मीच सगळ्याला ‘ठेव गं तिकडे’ म्हणायला लागले, बहुधा या घरात आल्यापासून.

आणि लिहायला बसल्यावर कळलं, मी या घरात फारसं काही ठेवलेलंच नाही. सामान आणणाऱ्या माणसांनी जे जिथे टेकवलं ते तिथेच आहे. गॅलरीच्या दाराशी चार खोकी तर चिकटपट्टीसकट उभी आहेत. परत जायचंच आहे, मग कशाला उघडा, असं म्हणत चौदा महिने त्यांच्या कडेनं चालतोय. रात्री आईसुद्धा हातानं त्यांचे कोपरे चाचपत जाते.

रविवारी सकाळी सुरीनं चिकटपट्टी कापली. पहिल्या खोक्यात पितळी डबे, काळवंडलेले. आई खुर्ची ओढून शेजारी बसली आणि चिंचेचा कोळ मागितला. दुसऱ्यात पुस्तकं, ती मी उभी लावली. तिसऱ्यात गाद्यांच्या खोळी, त्यांच्यात गुंडाळलेलं घड्याळ. बाबांना निवृत्तीच्या वेळी कारखान्यानं दिलेलं, गोल, सेलवर चालणारं, खाली निळ्या अक्षरांत कारखान्याचं नाव. सेल काढून ठेवायचा राहिला होता, तो फुटून हिरवा झाला होता. लिंबानं घासून जागा साफ केली, खालच्या दुकानातून नवा सेल आणला. काटा थरथरला आणि चालायला लागला. आता ते लावायचं कुठे? बोहरी आळीतून आणलेला चिकटवायचा हूक आधी एकदा लावून पाहिला होता, रंगासकट निघाला होता. आई म्हणाली, ‘फ्रिजवर ठेव की. मागे भिंत आहे, टेकेल.’

फ्रिजवर आधी जुनी चादर घडी करून घातली, वर घड्याळ उभं केलं, मागे रेललं, घसरतंय का ते पाहिलं. आईनं लांबून मान तिरकी करून बघितलं आणि ‘जरा डावीकडे’ म्हणाली. मग आम्ही दोघी थोडा वेळ नुसत्या त्याची टिकटिक ऐकत बसलो. फ्रिज सुरू झाला की ती ऐकू येत नाही, बंद झाला की येते.

संध्याकाळी नव्या गृहपाठाची वाक्यं लिहून झाली, सहाच झाली. मग मागची पानं उलटून तो पहिला गृहपाठ काढला आणि शब्दकोशात ‘टेकणं’ शोधलं. ‘लेनन’. ते या बाबतीत फार सरळ क्रियापद आहे, टेकवताना द्वितीया, टेकलेलं असताना चतुर्थी. अकराव्या वाक्यातला ‘हेंग्ट’ पेन्सिलीनं खोडला आणि वर ‘लेन्ट’ लिहिलं. पुढचं ‘आन डेअर वांट’ तसंच राहिलं, त्यात काही बदलावं लागलं नाही.